काखेतलं अवधाण

माझ्या काखेत गाठ आली तेव्हा घरात सगळ्यांनी तिला अवधाण म्हटलं. हाताला जखम झाली की काखेत दुखरी गाठ येते, ते अवधाण. कांद्याची पात कापताना विळ्याने बोट चिरलेलंच होतं, त्यामुळे मलाही पटलं. मी मिठाने शेकत बसले. निघाला कॅन्सर, छातीतून काखेत उतरलेला. नाशिकला नेलं, काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या. तेव्हापासून उजवा हात सुजलेला आहे. त्यात बांगडी चढत नाही.

यंदा धाकट्या जावेच्या छातीत गाठ लागली. मला वाटलं, आता हिचीही काख उघडतील. वाईट वाटलं. सोबत मिळेल, असंही वाटलं.

पण नाशिकला आता नवं मशीन तपासून बघत होते. तिच्या छातीत निळ्या औषधाची सुई दिली आणि काखेवर नुसता उजेड पाडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर काखेत उतरला तर आधी ज्या गाठीत जातो, त्याच गाठीत हे औषध पोचतं; मग ती गाठ उजेड पडला की बारीक आवाज करते. तो आपल्याला ऐकू येत नाही, मशीनला येतो. मग सोनोग्राफीसारखं चित्र दिसतं. ते बघत त्यांनी नेमक्या त्याच गाठीतून सुईने नमुना घेतला. काख चिरली नाही.

"माझ्या वेळी हे का नव्हतं?" मी विचारलं.

"असतं तरी आजी, तुमच्या गाठीत कॅन्सर निघालाच असता, काख उघडावीच लागली असती."

एवढं खरं मी मागितलं नव्हतं.

संध्याकाळी जाऊ कानाशी आली. "आक्का, लघवी हिरवी झाली हो."

"होऊ दे. त्या औषधाचा रंग हाय. मला तेवढंही नाय मिळालं."

तिची काखेतली गाठ साफ निघाली. छातीतली काढली, काखेला कुणी हात लावला नाही. बरी झाल्यावर ती बांगड्या भरून आली, दोन्ही हातांत.

"तुमचं बघितलं म्हणून मी अवधाण म्हणत बसले नाय, आक्का. लगेच दाखवलं."

ती चांगल्या मनानेच बोलली. मला मात्र गोड लागलं नाही. माझा हात गेला त्यावर हिचा वाचला, आणि तो रोज माझ्यासमोर खुळखुळत भाकरी थापतो.

परवा कांदा साठवायच्या चाळीतून भरलेली पाटी आणायची होती.

"तू उचल," मी म्हटलं. "तुझे दोन्ही हात धड हायेत."

"लय जड हाय, आक्का."

"माहीत हाय."

तिने उचलली. मी सुजलेला हात कमरेवर ठेवून बघत उभी राहिले.