माझ्या अंगठ्यानं मोडलं

गटातल्या बायांनो, आज माझ्या हातून लई वाईट झालं. मी सांगून राहिले अन् माझी नात नाक पुसत लिहून घेऊन राहिली.

तिच्या कॉलेज अन् क्लासपायी आम्ही लातुरात खोली केलीय. क्लासात फोन चालत न्हाई, म्हणून तो माझ्यापाशी असतो. तिनंच शिकवलं होतं, "आजी, आईचा निरोप आला की ह्ये अंगठ्याचं चित्र दाब. पोचला म्हणून कळतं."

आज दुपारी निरोप आला तो तिच्या कॉलेजातल्या कुरळ्या पोराचा. फोटोवरून वळखलं. त्याच्याशी बोलताना ही लई हसते. म्हटलं, बिचारं वाट बघत असंल. दाबला अंगठा.

नात आली, निरोप वाचला अन् फोन माझ्यापुढं धरला. "आजी, त्यानं विचारलं होतं, आपलं नातं इथंच थांबवू, चालेल का? अन् तू हो म्हणालीस!"

"मग सांग की त्याला, आजी अडाणी हाय म्हणून."

तिनं तसं लिहून धाडलं. "सांगितलं गं. तो म्हणतो, झालं ते बरंच झालं."

लातूरच्या भूकंपानंतर सरकारी कागदावर हाच अंगठा उठवून मी घर मिळवलं होतं.

आता हिला काय म्हणू, सांगा. उत्तरं हीच वाचून दाखवणार हाय, तवा जपून लिहा. अन् नुसता अंगठा दाबून जाऊ नका.