जर्मनच्या वर्गातला लाल टॅग

आमच्या चाकणच्या कंपनीत जर्मन शिकवायला जे सर येत, ते सांगवीहून यायचे आणि वर्गात शिरल्या शिरल्या खिडक्या उघडायला लावायचे. पहिली शिफ्ट सुटली की आम्ही लाइनवरून थेट ट्रेनिंग रूममध्ये जायचो, त्यामुळे कपड्यांना तेलाचा वास असायचाच. "या वासात भाषा शिकवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं," असं ते रोज म्हणायचे. आयुष्यातली काही वर्षं त्यांनी जर्मनीत नोकरी केली होती आणि उरलेली सगळी ते सांगण्यात घालवत होते.

शिकणारे आम्ही सगळे क्वालिटीतले, त्यात बाई मी एकटी. मोजमापाचं नवं मशीन येणार होतं आणि ते शिकायला एकाला जर्मनीच्या मूळ कारखान्यात पाठवणार होते. परत आल्यावर ते मशीन त्याच्याच ताब्यात राहणार होतं. मला ती जागा हवी होती. भाकरी थापताना मी आठवड्याचे वार जर्मनमध्ये म्हणायचे आणि घरचे हसायचे. कंपनी उभी आहे त्या जागेत आमच्या घराचं एक शेत गेलं होतं. त्या बदल्यात मला लाइनवर उभं राहायला जागा मिळाली आणि माझ्या चुलतीला कॅन्टीनमध्ये चहाच्या किटलीमागे. शेत गेलंच होतं, तर निदान बसून करायचं काम तरी मला मिळावं, एवढीच माझी हाव होती.

सर रोजच्या उपयोगाचं शिकवायचे. पाव विकत घेणं, स्टेशनचा रस्ता विचारणं, डॉक्टरला दुखणं सांगणं. 'इश हाबे कोप्फश्मेर्त्सन', म्हणजे माझं डोकं दुखतंय. हे वाक्य मला सगळ्यांत आधी पाठ झालं. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी असते हे कळलं तेव्हा पोरं हसली. सर माझ्या सेफ्टी शूजकडे बघत म्हणाले, "काही मुलींच्या बाबतीत ते बरोबरच आहे." मग पोरं आणखी हसली आणि आम्ही पुढच्या शब्दाकडे वळलो.

कारखान्यात खराब पार्टला लाल टॅग लागतो. त्यावर कारण लिहायचं असतं, आणि ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा असतो. दुसऱ्याने हात लावला तर मेमो मिळतो. टॅग लागलेला पार्ट कुणी वापरत नाही, पुन्हा मोजूनही बघत नाही. सरांना ही पद्धत फार आवडली. वर्गात तोंडातून मराठी शब्द गेला की वर्ग सुटेपर्यंत गळ्यात लाल टॅग, असा त्यांनी नियम केला आणि टॅगचा गठ्ठा माझ्याच टेबलावरून उचलून नेला. टॅगवरचं कारण ते जर्मनमध्ये लिहायचे. 'फाउल' म्हणजे आळशी, 'डुम्म' म्हणजे मठ्ठ. असे कितीतरी शब्द आम्ही पुस्तकाच्या आधी एकमेकांच्या छातीवर वाचले. पोरं दुसऱ्या दिवशी लाइनवर त्याच नावाने हाका मारायची. मला मात्र टॅग एकदाही लागला नव्हता, आणि सरांना ते खुपत होतं.

मग मूळ कारखान्यातला क्वालिटीचा मोठा साहेब आला. तो प्रत्येकाशी दोन वाक्यं बोलून एकाला निवडणार होता. तो वर येण्याआधी सर उजळणी घेत होते. मी हॉटेलात कॉफी मागत होते, एकही चूक न करता, आणि तेवढ्यात चुलती चहाचा ट्रे घेऊन आत आली. पाहुणा येणार म्हणून ती ठेवणीतली साडी नेसली होती. कप मांडता मांडता तिने विचारलं, "साखरंचा दिऊ का गं तुला?"

"व्हय, काकी," मी म्हणाले.

जिने मला कडेवर घेऊन वाढवलं, तिला मी 'या, बिट्टे', म्हणजे 'हो, प्लीज', असं म्हणायचं होतं का? आमच्यात थोरल्या बाईने काही विचारलं की तिच्याच बोलीत उत्तर देतात, नाहीतर पोरीला माज आला म्हणतात. सरांच्या हातात पेन उघडंच होतं. त्यांनी टॅगवर 'उनब्राउखबार' लिहिलं, म्हणजे निरुपयोगी, आणि तो माझ्या गळ्यात घातला. जिन्यात बूट वाजले. टॅग काढा, अशी मी सरांना जर्मनमध्येच विनंती केली. वाक्य अगदी बरोबर होतं. ते म्हणाले, "वर्ग सुटल्यावर."

साहेब आत आला. गेटवर पाहुण्यांना देतात ते लाल कार्ड त्याच्या गळ्यात होतं. तो एकेकाशी बोलत माझ्यापर्यंत आला, टॅग वाचला आणि मनापासून हसला. त्याचा सगळा जन्म टॅग बघण्यात गेलेला. सरांकडे बघून त्याने मान डोलावली आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता तो माझ्या शेजारच्याकडे वळला. शेजारच्याला आठवड्याचे वार मीच शिकवले होते. शेवटी निवड त्याचीच झाली.

तो टॅग साध्या दोऱ्याचा होता, एका हिसक्यात तुटला असता. माझे दोन्ही हात मोकळे होते. पण दुसऱ्याने लावलेल्या टॅगला हात लावायचा नाही, हे त्या हातांना इतकं पक्कं शिकवलेलं होतं की ते मांडीवरून हललेच नाहीत. सरांचा राग येतोच, पण त्या हातांचा मला अजून जास्त येतो.

साहेबाला गाडीपर्यंत सोडायला सर त्याच्या मागोमाग गेले. पोरंही गेली. टॅग काढायचं सरांच्या लक्षातही राहिलं नाही. चुलती रिकामे कप गोळा करत माझ्यापाशी आली आणि ओल्या बोटांनी तो टॅग धरून बघायला लागली. तिला अक्षरओळख नाही आणि शॉप फ्लोअरवर तिला कधी जाऊ देत नाहीत.

"त्या पावन्याच्या गळ्यात हाय तसलंच की गं," ती म्हणाली. "तुजंच ठरलं व्हय?"

मी तिच्याकडे बघितलं. ठेवणीतल्या साडीच्या पदरावर चहा सांडलेला होता.

"व्हय, काकी," मी म्हणाले.

तिने ट्रे खाली ठेवला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग ट्रे उचलून ती घाईघाईने बाहेर गेली. टॅग गळ्यात घेऊन मी तिथेच बसले होते. जिन्याखाली ती वॉचमनला सांगत होती, आमची पोरगी जर्मनीला चालली.