रांगोळीने आखलेलं फिरतं घर

नवऱ्याची निवृत्ती जवळ आली तसा दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बोलायला एकच विषय उरला: हे घर सोडून जायचं कुठे? त्याच्या ऑफिसातल्या बहुतेकांनी ग्रेटर नोएडात फ्लॅट घेतले होते. अठरावा मजला, लिफ्ट, क्लब हाउस आणि खिडकीतून दिसणारा समोरच्या इमारतीचा अठरावा मजला. मला चाकांवरचं घर हवं होतं. नोकरीभर सरकारने आम्हाला दिल्लीतल्या दिल्लीत या क्वार्टरमधून त्या क्वार्टरमध्ये हलवलं, आता आपल्या मर्जीने हलू. उन्हाळ्यात कुमाऊं, हिवाळ्यात कोकण. झाडं बघायला बाल्कनीत कुंड्या मांडण्यापेक्षा घरच झाडाखाली नेऊन उभं करायचं.

बहादुरगडजवळच्या एका वर्कशॉपमध्ये शाळेची जुनी मिनीबस मी हेरून ठेवली होती. कारागीर म्हणाला, "मॅडम, सोमवार तक नक्शा फायनल कर दो, नहीं तो गाडी दूसरी पार्टी ले जाएगी."

नकाशा मीच काढला. छतावर सोलर पॅनल. भांड्यांचं पाणी खालच्या टाकीत जमणार आणि झाडांना जाणार. दाराशी कढीपत्ता आणि ओवा, कुंड्या पट्ट्याने घट्ट बांधलेल्या. घडीचं टेबल, घडीचा ओटा. फक्त सोफा घडीचा नव्हता.

सोफा आला तो नवऱ्यामुळे. प्रत्येक नकाशावर त्याचा एकच प्रश्न असायचा, "पाहुणे आले तर?" प्रश्न बरोबर होता. दिल्लीतल्या मराठी घरात अख्खा महाराष्ट्र उतरतो. कुणाला ताजमहाल बघायचा असतो, कुणाला वैष्णोदेवीला जायचं असतं, कुणाचं मंत्रालयात काम अडलेलं असतं. आमचा सोफा गेल्या तीस वर्षांत धड रिकामा राहिलेला नाही. बिनसोफ्याचं घर आम्हाला सुचणारच नव्हतं. सोफा मावावा म्हणून मी पलंग कापला. नवरा सहा फुटी आहे.

शेवटी तो म्हणाला, "एक रविवार त्या मापात राहून दाखव. जमलं तर गाडी, नाही तर फ्लॅट."

"दाखव नाही, दाखवू. तुम्हीही राहायचंय."

शनिवारी संध्याकाळी मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली, मी रांगोळीने गाडी आखली. भिंती, दार, ओटा, सोफा, पलंग, सगळं खऱ्या मापात. पलंगाच्या जागी गादी, सोफ्याच्या जागी सतरंजी, एक शेगडी आणि पाण्याचा एक कॅन. बाथरूमपुरती क्वार्टरची सूट. बाकी सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या चहापर्यंत जे काही करायचं ते रेषांच्या आत, आणि ये-जा दारातूनच.

सकाळीच कळलं की जागा चुकली. मी डोक्यात जून धरून सावली निवडली होती, आणि दिल्लीत जानेवारी चालू होता. नवरा माकडटोपी घालून सोफ्यावर बसला होता आणि मुद्दाम मोठ्याने कुडकुडत होता.

मग दर रविवारच्या आमच्या दोन पाहुण्या मुली आल्या. एक लातूरकडची, एक बुलढाण्याची. दोघी यूपीएससीची तयारी करतात आणि आठवड्यातून एकदा वरणभात खायला येतात. त्यांनी चपला रांगोळीच्या दाराबाहेर काढल्या. एक हवेत बोट दाबून म्हणाली, "टिंग टाँग."

"या, बसा," नवरा सोफा दाखवत म्हणाला.

त्या बसल्या. थोड्याच वेळात गारठल्या, आणि सतरंजीसकट अंगणाच्या कुंपणभिंतीकडच्या उन्हात गेल्या. "काकू, आम्ही बाहेर आहोत हं. घर छान आहे."

तेवढ्यात नणंदेचा फोन. ती भिशीच्या चार मैत्रिणींना घेऊन नाशिकहून दिल्ली-पानिपत बघायला आली होती. "वहिनी, पानिपतहून निघालोय. जेवायलाच येतो. काही करू नकोस हं."

'काही करू नकोस' म्हणजे निदान पुऱ्या. एका शेगडीवर मी खिचडी टाकली.

पाचजणी ब्लँकेटांचे गठ्ठे घेऊन आल्या. रणभूमीवर पाच मिनिटं हात जोडून बाकीचा वेळ त्यांनी ब्लँकेटच्या दुकानांत काढला होता. नणंद सरळ ओट्यावरून आत शिरली.

"अगं, भिंत!" नवरा ओरडला.

ती मागे सरकली, वळसा घालून दारातून आली आणि मला हळूच म्हणाली, "दादाचं हे कधीपासून?"

खिचडी झाली. नवी ब्लँकेटं उन्हात अंथरून सगळ्या बसल्या. ऊन सरकलं की त्याही ब्लँकेटांसकट सरकत. मी शेगडीपासून दारापर्यंत ताटं नेत होते, आणत होते. जेवणानंतर संत्री निघाली, शेंगा निघाल्या. लातूरवाली भिशीच्या मंडळाला राज्यपालांचे अधिकार समजावून सांगत होती.

नवरा पलंगावर आडवा झाला. पाय लांब केले तर ते थेट भिंतीपार.

"पाय बघ," तो म्हणाला. "ग्रेटर नोएडाकडे निघालेत."

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही, कारण तो खरं बोलत होता. ज्या माणसाला पाय पसरता येत नाहीत तो गाडीत चढणार नाही, आणि त्याचं काही चुकणारही नाही. फ्लॅट आता पक्का झाला असं मी धरून चालले.

चहाचं आधण ठेवायला वळले तेव्हा लक्षात आलं, सोफा नाहीच. शेगडी ते दार ये-जा करून माझ्याच टाचांनी तो पार पुसून टाकला होता. सकाळपासून इतकी माणसं आली, कुणी सोफा कुठे गेला म्हणून विचारलं नाही. सगळी पाहुणेमंडळी कुंपणभिंतीकडच्या उन्हात होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

मी रांगोळीचा डबा आणला, पलंगाची कड पुसली आणि सोफ्याच्या जागेपर्यंत वाढवून घेतली. गादी ओढली. "झोपा परत."

तो झोपला. पाय भिंतीच्या आत, वर वीतभर जागा शिल्लक. त्याने अंगठे हलवून बघितले.

नणंद कमरेवर हात ठेवून उभी होती. "आणि आम्ही आलो की बसायचं कुठे?"

"बाहेर. ऊन सरकलं की गाडी सरकवू. चाकं कशाला आहेत?"

"अच्छा. आणि रात्री झोपायचं?"

"तुझ्या घरी. गाडी तुझ्याच दारात उभी असेल. तीस वर्षं तुम्ही आलात, आता आम्ही येऊ."

ती जरा विचारात पडली. "किती दिवस?"

नवरा डोळे मिटूनच म्हणाला, "काही करू नकोस हं. जेवायलाच येऊ."

तो 'येऊ' म्हणाला, मला तेवढं पुरे होतं. चहा उतू जायच्या आत मी बहादुरगडला फोन लावला.