पंगतीत बोलावलं म्हणून

अर्धी भांडी घासून झाली होती. रंजीताचे हात साबणानं माखलेले, तेवढ्यात आतून चंचलनं हाक मारली, "बुवा, ये वो, आज आमच्यासंग जेव."

बुवा हे रंजीताचं खोलीतलं नाव. गळ्यात तुळशीची माळ, पहाटे हळू आवाजात भजन, रांधायचं भांडं वेगळं. विद्यापीठात शिकायला गडचिरोलीत तिघींनी ही खोली भाड्यानं घेतली, तेव्हापासून चंचल आणि रिंकूला तिला वेगळं बसवायला तेवढं कारण पुरलं. पाच महिने रंजीता दाराजवळ एकटी जेवत होती. ढिवराची पोरगी अन् मासोळी सोडली, मंग राह्यलं काय तुझ्यात, असं रिंकू येता-जाता विचारायची. मागच्या आठवड्यात वर्गात फॉर्म आला, इथं तुम्हाला आपलेपणा वाटतो का? रंजीतानं 'खूप वाटतो'वर खूण केली. कागदापाशी कुठं रडायचं.

हात धुऊन ती लगबगीनं आत गेली. दोघींच्या मधोमध तिच्यासाठी जागा ठेवली होती. चंचलनं आपल्या हातानं भात आणि वांग्याची भाजी वाढली.

घास तोंडाजवळ येताच वास आला. सुकलेल्या झिंग्याची भुकटी. तिची माय गोकुळाबाई तळ्यावरचे झिंगे वाळवायची आणि लहानपणापासून रंजीताच ते सुपात निवडायची. या वासात तिची चूक होणं शक्यच नव्हतं. ती थबकली. रिंकू तिच्याकडं बघून हसली, अगदी मैत्रिणीसारखी.

रंजीतानं घास गिळला. मग दुसरा. मग ताट पुसून खाल्लं.

तेव्हा रिंकूनं डब्याआड उभा केलेला मोबाईल उचलला. ती रंजीताच्या शेजारच्याच गावची. सकाळपर्यंत व्हिडिओ, 'भाजीत झिंगे आहेत' असं खाली लिहून, रंजीताच्या गावच्या भजन मंडळाच्या ग्रुपवर पोचला होता.

सकाळी मायचा फोन आला. रंजीताच्या गळ्यात माळ घातलेले नथ्थूबुवा म्हणत होते, पोरीला ठाऊक नसेल तर दोन उपासांत निभावेल.

"तुले मालूम नवतं न, बाई?" गोकुळाबाईनं अगदी विनवून विचारलं.

रंजीतानं खोलीकडं पाहिलं. दोघी तिला न सांगताच निघून गेल्या होत्या, रात्रीची उष्टी ताटं तिच्यासाठी ठेवून.

"वास आला होता, माय."



"मंग घरी येऊ नको. माळ नथ्थूबुवाले दे, अन् तशीच वापस जाय."

रंजीतानं माळ काढून रुमालात बांधली. ती द्यायला सिंदेवाहीला जायचं होतं, नथ्थूबुवांकडं. बस साडेदहाची होती.