पहिल्या ओळीतलं ७८६

पूर्णगडच्या नाझियाच्या पायाला भिंगरी होती, आणि नेमकी तिच्यावरच घरात बसायची पाळी आली. दोन हजार पाच सालची गोष्ट. मच्छीमार बोटीवर तांडेल म्हणून जन्मभर हुकूम सोडलेले तिचे वडील जैनुद्दीन लकव्यानं खाटेला खिळले होते. उजवा हात पार गेला होता.

नाझिया मिरजोळ्याच्या एका ऑफिसात वेबसाइट बनवायची. तिथल्या महिपत सरांनी तोड काढली. जुना कॉम्प्युटर घरी ने, पण आज संध्याकाळच्या आत त्यावर 'पेअर' चालवून दाखव. नाही जमलं तर दुसरी मुलगी बघावी लागेल. पेअर म्हणजे पीएचपीवाल्यांचा हरकाम्या. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा, की तो हवा तो तयार कोड नेटवरून आणून जागेवर बसवतो.

हा हरकाम्या मात्र हूं की चूं करत नव्हता. सेटिंगची फाइल बिघडलीय, एवढंच पालुपद. नाझियानं नोटपॅडमध्ये ती उघडून फक्त सी ड्राइव्हच्या जागी डी केलं होतं. तिनं सगळं काढून पुन्हा बसवलं, पुन्हा तोच बदल केला. तेच! ती उठली, पडवीत गेली, परत आली, नखं खाल्ली. चारला भारनियमनात वीज जाणार होती. नोकरी हातची गेली तर?

"काय झाला गे?" खाटेवरून बाबांनी विचारलं.

"काय नाय, बाबा," ती खेकसली, आणि लगेच तिलाच वाईट वाटलं.

शेवटी तिनं ऑफिसातल्या ऋतिकाला फोन लावला. "तुझी फाइल उघड आणि पहिल्या ओळीपासून वाच."

"हॅश, पेअर, कॉन्फिग..."

"थांब. ही दुसरी ओळ ना?"

"पहिलीच गं. तुझ्याकडे वर काय आहे?"

वर होतं ७८६, बिस्मिल्लाचा आकडा. बाबांनी बोटीवर, दारावर, डब्यावर, जिथं काही सुरू होईल तिथं आधी लिहिलेलं. हात गेल्यापासून त्यांच्या वतीनं तीच लिहायची, आणि कधी लिहिलं याचं भानही राहत नसे. या फाइलीतही दोन्ही वेळा तसंच झालं होतं. पुसायला बोट उचललं, पण धजेना. तिला रडूच फुटलं.

बाबांना सांगावं लागलं.

जैनुद्दीननी मान वळवून कॉम्प्युटरकडे बघितलं. मग म्हणाले, "येडी काय तू? ता बोटीच्या फुडच्या नाळेवर लिवतात. इंजिनात कोन लिवतो?"

नाझियानं ओळ पुसली. हुकूम दिला. काळ्या खिडकीत अक्षरं भराभर धावायला लागली आणि चूक एकही आली नाही. तिनं फोन करून सरांना चाललं म्हणून कळवलं, तेवढ्यात वीज गेलीच.

ती मार्कर घेऊन खाटेपाशी आली, मॉनिटर उचलून तिनं मांडीवर घेतला आणि बाबांच्या लुळ्या बोटांत मार्कर देऊन त्यांवर आपली मूठ आवळली. मॉनिटरच्या वरच्या कडेवर सात वाकडा आला.

"हलू नको गे," बाबा म्हणाले, "आठ नीट येवंदे."