पाणी होतं तेव्हा वारा नव्हता

दादाला काचबिंदू झाल्याचं कळलं तेव्हा उजवा डोळा जवळपास गेला होता आणि डाव्याची नजर कडेकडून आत आत येत होती. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही. उरलेलं किती टिकेल तेही सांगता येत नाही.

माझा हा मोठा भाऊ पंधरा वर्षं नौदलात होता. नोकरी संपवून वलगावला परतला, शेतीत रमला. समुद्राबद्दल कधी फारसं बोलला नाही. पण डॉक्टरांकडून आल्यावर महिन्याभरात त्याने मुंबईहून एक जुनी शिडाची होडी मागवली. दोन माणसं जेमतेम बसतील एवढी.

"दिसते तोवर एकदा शीड लावतो," तो म्हणाला. "तुले उन्हाळ्याच्या सुट्ट्या आहेत. जागा शोध."

कोकणात जाऊ, असं मी सुचवलं. तिकडे नौदलातले सोबतचे लोक भेटतील, त्यांच्यासमोर असे डोळे घेऊन जायचं नाही, म्हणाला.

मी शाळेत भूगोल शिकवतो. आपल्याकडची धरणं-तलाव मला नकाशावर तोंडपाठ. एवढ्या पाण्यात एका होडीला जागा मिळणार नाही, हे मनातही आलं नव्हतं.

भर मे महिन्यात मोटारसायकलवर फिरलो. शहराजवळच्या तलावात जलपर्णी इतकी माजलेली की बगळे तिच्यावरून चालत होते. अंजनगाव सुर्जीच्या पुढे एका तळ्यात पाणी होतं, पण बुडालेल्या बाभळींचे शेंडे जागोजाग वर आलेले. अकोल्याकडच्या एका धरणात पाणी पार मध्यभागी गेलं होतं आणि काठापासून तिथवर मांडीभर गाळ. वारा मात्र असा की डोक्याचा दुपट्टा उडून गेला. जाळं विणत बसलेला एक म्हातारा मासेमार म्हणाला, वारा उन्हाळ्यातच असतो. पाणी भरलं की पडतो. मला वाटलं, उगाच काहीतरी सांगतो आहे.

रोज संध्याकाळी दादा विचारायचा. खोली किती, काठ कसा, वारा कुठून. मी सांगायचो. तो ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा. जून लागला, शाळा सुरू झाली.

दिवाळीच्या सुट्टीत ते अकोल्याकडचं धरण तुडुंब भरलेलं होतं. त्या म्हाताऱ्या मासेमाराने आपल्या लोकांना त्या दिवशी जाळी टाकू नका असं सांगून ठेवलं. होडी छोट्या हत्ती टेम्पोत घालून नेली. तोवर दादाला समोरचा माणूस तेवढा धूसर दिसायचा. डोलकाठी त्याने हातांनी चाचपून उभी केली, दोऱ्या बोटांनी बांधल्या. मला एकाही गाठीला हात लावू दिला नाही.

पाण्याच्या मध्यावर वल्हवत गेलो आणि थांबलो. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबत होतं. अकरा वाजले, बारा वाजले. पानही हलत नव्हतं. दादा सुकाणूवर हात ठेवून ताठ बसलेला. मला ते पाहवेना. मी हळूच वल्हं पाण्यात घातलं, आवाज न करता दोन-चार हात मारले आणि म्हणालो, "वारा आला वाटते, दादा."

त्याने सुकाणूवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "खोटं काहून बोलून राहिला? वारा गालाले समजते. त्याले डोळे लागत नाईत."

त्याने शीड उतरवलं, घडी करून मांडीवर घेतलं. काठावर आल्यावर होडी त्या म्हाताऱ्याला देऊन टाकली. माझ्यावर तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

होळीपर्यंत डावा डोळाही गेला.

यंदाच्या मे महिन्यात एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नासाठी शेंदूरजनाघाटला गेलो. पंगतीला वेळ होता म्हणून गावाबाहेर चालत निघालो. संत्र्यांच्या बागा संपल्या तिथे एक तलाव लागला. मागचा पावसाळा चांगला झालेला, काठोकाठ नाही तरी भरपूर पाणी होतं. स्वच्छ, मोकळं. पश्चिमेकडून एकसारखा वारा येत होता आणि लाटा काठावर आपटत होत्या. त्या उन्हाळ्यात एवढा फिरलो, पण या बाजूला मी आलोच नव्हतो.

तासभर उन्हात उभा राहिलो. पंगत उठून गेली.

घरी आल्यावर दादाने विचारलं, लग्न कसं झालं. चांगलं झालं, म्हणालो. जेवण काय होतं, त्याने विचारलं. मी वरण-भात, बुंदी, असं काहीबाही सांगत बसलो.