कपारीतला शेला

आमचे दाऊदमामा कुणी भेटलं की आधी त्याच्या कपड्यांकडे बघत, मग तोंडाकडे. कर्जतच्या ख्रिस्ती मंडळीत ते उपदेशक होते, म्हणजे पाळकाच्या एक पायरी खाली. बायबलातले सगळे संदेष्टे त्यांनी कपड्यांवरून पाठ केलेले. फाटका सदरा दिसला की म्हणत, "अहीया संदेष्ट्यानं नवा झगा फाडून बारा तुकडे केले, राज्य फुटणार म्हणून. तुझं काय फुटणार हाय रं?"

"मामा, बाभळीला अडकला."

"बाभळ दिसते तुला. अर्थ दिसत नाय."

मळकं धोतर दिसलं की जखऱ्या निघे. मुख्य याजक मळक्या वस्त्रांत उभा, देव ती उतरवून त्याला चांगली नेसवतो, म्हणजे पाप गेलं. मामी म्हणे, "मग तुमची धोतरं देवालाच टाका धुवायला."

मी त्यांची भाची. नुकतं लग्न झालेलं, आणि अक्कल माहेरी विसरून आलेली. यशयाच्या पुस्तकातली तारणाची वस्त्रं मला डोळ्यांसमोर दिसत, ती पुण्याच्या रेशमी पोलक्यासारखी, बाह्यांना झालर लावलेली. मामा पाळक झाले की दीक्षेला काय नेसायचं, ते मी केव्हाच ठरवून ठेवलं होतं.

पण पाळक करणं साहेबाच्या हातात होतं. खालापूरकडच्या मंडळ्या बघून मिशनचा साहेब दिवाळीनंतर कर्जतला येणार होता, उपदेश ऐकून ठरवणार होता. मामांचा जन्म या एका दिवसाची वाट बघण्यात गेलेला. त्यांनी यिर्मया निवडला. यिर्मयानं देवाच्या सांगण्यावरून तागाचा कमरबंद खडकाच्या कपारीत दडवला; पुष्कळ दिवसांनी काढला तर तो कुजलेला. गर्विष्ठांचं असंच होणार, हा अर्थ. मामांनी ठरवलं, साहेबाला कुजलेला कपडा हातात द्यायचा. ताग म्हणून कर्जतच्या बाजारात फक्त गोणपाट मिळे, म्हणून त्यांनी नवा सुती शेला घेतला, मामीची बोलणी खाल्ली, आणि पावसाळ्याआधी उल्हास नदीच्या काठी, पूर पोचणार नाही अशा कपारीत तो कोंबला.

साहेब आला, खडकावर बसला. मी रेशमी लुगडं नेसून सगळ्यांत पुढे. मामांनी यिर्मया असा सांगितला की काठावरच्या म्हशीही थांबल्या. मग हात कपारीत घातला. कोपरापर्यंत. खांद्यापर्यंत. एक खेकडा निघाला.

साहेबानं घड्याळ काढलं. तेवढ्यात मला बुधी दिसली. कातकरी वाडीतली, मोळी खाली ठेवून गंमत बघत उभी. पाठीला तान्हं पोर, मामांच्या शेल्यात बांधलेलं.

"मामा, शेला," मी ओरडले. "हिनं चोरलाय." एवढा मोठा शोध मी आयुष्यात दुसरा लावला नाही.

पोलीसपाटील पुढे सरसावला. बुधी गाठ सोडायला लागली. "दगडात व्हता, बाबा. वाटलं, कुनाला नको हाय."

"शेला तुमचाच ना, मामा?" पाटलानं विचारलं.

"मी टाकला व्हता. टाकलेला माझा कसा?"

साहेब पुढे वाकला. "मास्तर, याचा अर्थ काय?"

मला हायसं वाटलं. आता यहेज्केल येणार. टाकून दिलेलं अर्भक, आणि त्याला आपल्या वस्त्राखाली घेणारा देव. मामांना तो अध्याय तोंडपाठ होता. तेवढा म्हटला की पाळकपद हातात. मामा पोराकडे बघत राहिले.

"गाठ बांध गं. नीट बांध," ते बुधीला म्हणाले. मग साहेबाकडे वळले. "अर्थ काय नाय, साहेब. पोराला थंडी वाजते."

पाळक दुसराच आला. चष्मेवाला, ताजा, प्रत्येक गोष्टीचा अर्थ जाणणारा. माझं रेशमी लुगडं पेटीत कसरीनं खाल्लं. यशयानं तेही सांगून ठेवलेलं आहे.

मामा उपदेशक म्हणूनच गेले. शेवटच्या दुखण्यात मला म्हणाले, "माझा काळा कोट बरोबर पुरू नको गं. वर पांढरे झगे देतात म्हणे. बुधीच्या नवऱ्याला दे."

दिला. पुढे कशेळ्याच्या बाजारात बुधीचा नवरा दिसला. खाली लंगोटी, वर उपदेशकाचा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. माझ्याबरोबर नवे पाळकबुवा होते. त्यांनी चष्मा सारखा केला. "बघा बाई, जखऱ्याच्या तिसऱ्या अध्यायात जे म्हटलंय..."

"पाळकबुवा," मी म्हटलं, "त्याला थंडी वाजते."